अर्ध्या वाटेवरून परतलेला इंद्र

गेल्या वैशाखात माझी भाची दोन कागद घेऊन माझ्याकडे आली. पुण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने पुरा करीत आणला होता आणि शेवटच्या सत्राची परीक्षा तेवढी उरली होती. पहिला कागद हिंजवडीतील एका कंपनीचे नेमणूकपत्र होता. त्यात हुद्दा, वार्षिक वेतन, रुजू होण्याची तारीख आणि राजीनाम्यापूर्वी द्यावयाच्या सूचनेची मुदत, असा सारा तपशील कलमवार नमूद केलेला होता. दुसरा कागद ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर मिळालेल्या एम.टेक.च्या प्रवेशाचा होता. त्यात दरमहा १२,४०० रुपयांचे विद्यावेतन आणि दोन वर्षांचा काळ, यापलीकडे आश्वासन असे काही नव्हते. “मामा, आता तूच सांग,” ती म्हणाली, “बाबा म्हणतात नोकरी धर, सर म्हणतात शिकून घे, आणि मैत्रिणींना विचारावं तर त्या रुजू व्हायच्या तारखा मोजत बसल्यात.” मी संगणकाचा जाणकार नाही, माझी उभी हयात तत्त्वज्ञान शिकविण्यात गेली. परंतु तिच्या स्वरात जी व्याकुळता होती ती वेतनाच्या आकड्यांची तुलना करून शमणारी नव्हती, एवढे मला तत्क्षणी कळले. कारण ‘मला काय परवडेल’ असे ती विचारीत नव्हती, ‘माझे काय कर्तव्य आहे’ असे विचारीत होती, आणि हा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन काळापासून धर्माच्या दप्तरी नोंदला गेलेला आहे.

अशा वेळी माझ्यासारख्या माणसाच्या ओठांवर पहिल्याने कठोपनिषद येते. यमाने देऊ केलेले धन, रथ आणि दीर्घायुष्य नाकारून मृत्यूनंतरचे रहस्य मागणारा नचिकेता, आणि त्याची परीक्षा घेऊन झाल्यावर यमाने सांगितलेला श्रेय व प्रेय यांतील भेद, हे सारे या प्रसंगाला इतके सहज जुळते की, वेतन म्हणजे प्रेय, विद्या म्हणजे श्रेय, आणि म्हणून पोरी, तू शिकावयास जा, असा निवाडा देऊन मोकळे व्हावे असा मोह कोणासही पडावा. मला तो पडला, हे मी कबूल करतो. परंतु हा निवाडा अन्यायाचा आहे. दरमहा वेतन मिळते म्हणून एखादे काम प्रेय ठरत नाही, आणि पदव्युत्तर पदवी मिळते म्हणून एखादा अभ्यास श्रेय ठरत नाही. पदवीने विवाहाच्या बाजारात भाव वाढतो म्हणून, परदेशाच्या व्हिसाची वाट सुकर होते म्हणून, किंवा यंदा मनाजोगी नोकरी मिळाली नाही, तेव्हा दोन वर्षे कुठेतरी सावलीत काढावीत म्हणून जो विद्यापीठात जातो, त्याने प्रेयच निवडले आहे. आणि ज्याच्या हातून चालणाऱ्या व्यवस्थेवर एखाद्या रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदी विसंबून आहेत व जो त्या चुकू नयेत म्हणून रात्र जागवितो, तो वेतन घेत असला तरी श्रेयाच्या वाटेवर आहे. भेद वस्तूत नसून वरण करणाऱ्याच्या हेतूत आहे, आणि हेतू पारखण्याची कसोटी त्या दोन शब्दांत सापडत नाही. ती अन्यत्र शोधावी लागते.

आपल्या पूर्वजांनी गुरुगृहातून निघण्याचा एक स्वतंत्र संस्कारच मानला होता. त्याला समावर्तन म्हणत. स्नान करून, गुरूला दक्षिणा देऊन शिष्य घरी परते आणि गृहस्थाश्रमाच्या व्यवहारात शिरे. अशा परतणाऱ्या ब्रह्मचाऱ्यास उपकुर्वाण म्हणत, आणि जो परतण्याचे नाकारून आमरण गुरूपाशीच विद्येत राहण्याचा निश्चय करी त्यास नैष्ठिक म्हणत. शास्त्रकारांनी या दोन्ही वाटा मान्य केल्या. अध्ययनाच्या मुदतीबाबतही त्यांनी सर्वांना एकच शिरस्ता लावला नाही: मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी ३६ वर्षे, त्याच्या निम्मी, त्याच्या चतुर्थांश, असे पर्याय सांगून अखेरीस, विद्या हस्तगत होईपर्यंत, अशी मुभा ठेवली आहे. ही शेवटची मुभा मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तीत मोजमाप वर्षांचे नाही, आकलनाचे आहे. मात्र हे लिहीत असताना मला एका गोष्टीवरून पुढे सरकता येत नाही. ज्या ग्रंथात ही उदार मुभा आहे त्याच ग्रंथाने स्त्रियांना आणि शूद्रांना या विद्येचे दार बंद केले. माझ्या भाचीला हा पेच पडण्याचा अधिकारच त्या व्यवस्थेत मिळाला नसता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले ते याच कारणाने, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ते झाले त्यांच्या विद्यार्थिदशेकडे मला पुढे वळावयाचेच आहे.

तूर्त छांदोग्य उपनिषदातील एका कथेपाशी थांबतो, कारण मी शोधीत होतो ती कसोटी मला तिथे सापडली. आत्म्याचे ज्ञान ज्याला होते त्याला सर्व लोक आणि सर्व काम प्राप्त होतात, असे प्रजापतीने सांगितलेले देवांच्या आणि असुरांच्या कानी गेले. देवांकडून इंद्र व असुरांकडून विरोचन निघाले आणि हाती समिधा घेऊन, परस्परांशी न बोलता, प्रजापतीपाशी आले. दोघांनी ३२ वर्षे ब्रह्मचर्याने वास केला. मग प्रजापतीने त्यांना पाण्याने भरलेल्या पात्रात स्वतःकडे पाहावयास सांगितले. नटूनथटून, उत्तम वस्त्रे लेवून पुन्हा पाहावयास सांगितले. आणि जे दिसते तोच आत्मा, असे म्हटले. दोघेही संतुष्ट होऊन निघाले. विरोचन थेट असुरांपाशी पोहोचला, आणि देह हाच आत्मा, त्याचीच सेवा करा, असा उपदेश करू लागला. इंद्र मात्र देवांपर्यंत पोहोचलाच नाही. वाटेतच त्याच्या मनात आले की, देह अलंकृत झाला म्हणजे प्रतिबिंब अलंकृत होते, तर मग देह आंधळा झाला म्हणजे तेही आंधळे होईल, देह नष्ट झाला म्हणजे तेही नष्ट होईल. यात मला काही हित दिसत नाही. तो समिधा घेऊन परतला. पुन्हा ३२ वर्षे, पुन्हा उत्तर, पुन्हा अर्ध्या वाटेवर शंका, पुन्हा ३२, आणि अखेरीस आणखी ५. एकूण १०१ वर्षे इंद्र प्रजापतीपाशी राहिला.

या कथेचे पारंपरिक तात्पर्य देहात्मवादाचे खंडन हे आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने वाचली असता तीत आणखी एक गोष्ट दिसते. दोघांचे गुरू एक, मुदत एक, उत्तरही एकच. परीक्षा घेतली असती तर दोघांना सारखेच गुण मिळाले असते. फरक पडला तो निरोप घेतल्यानंतर, रस्त्यावर, जिथे विचारणारा कोणी नव्हता. आणि इंद्र परतला तो इंद्रपदाला कंटाळून अथवा राज्यकारभाराला भिऊन नव्हे. एक शंका त्याला पुढे पाऊल टाकू देईना म्हणून परतला. पुढील अध्ययनाचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे याहून शुद्ध उत्तर माझ्या वाचनात आलेले नाही. ज्याला मिळालेले उत्तर पुरत नाही, आणि ते का पुरत नाही हे ज्याला सांगता येते, त्याने परतावे.

पुरणे आणि न पुरणे यांतील हे अंतर संगणकशास्त्रात किती खोल जाते याचे एक उदाहरण मला या विषयातील एका स्नेह्याने समजावून दिले, तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. एखादी शेकडो अंकांची संख्या मूळ संख्या आहे की नाही हे ठरविण्याची गरज बँकांच्या गुप्त व्यवहारांत नित्य पडते. त्यासाठी एक पद्धत फार पूर्वीपासून प्रचारात आहे. तिच्या प्रत्येक फेरीत संयुक्त संख्या चुकून मूळ ठरण्याची शक्यता चौथ्या हिश्शाहून अधिक नसते, म्हणून पुरेशा फेऱ्या केल्या की चूक होण्याची शक्यता व्यवहारात शून्यवत होते. बाजाराला हे पुरते, आणि पुरावे यात वावगे काही नाही. तरीही, शक्यतेचा आधार न घेता, कोणतेही असिद्ध गृहीतक न मानता, संख्येच्या अंकांच्या मानाने आटोपशीर वेळात निश्चित उत्तर देता येईल काय, हा प्रश्न दशकानुदशके उघडा होता. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.मधील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तो सोडविला. कयाल आणि सक्सेना यांनी त्याच वर्षी बी.टेक. पुरे केले होते, आणि या शोधाची सुरुवात त्यांच्या पदवीच्या प्रकल्पातून झाली होती. २००४ मध्ये तो शोधनिबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. व्यवहारात आजही जुनी संभाव्य पद्धतच वापरतात, कारण ती अधिक वेगवान आहे. म्हणजे जगाला ज्या उत्तराची निकड नव्हती असे उत्तर या दोन तरुणांनी शोधले. नेमणूकपत्र हाती घेऊन निघण्याच्या वयात ते एका अनावश्यक वाटणाऱ्या निश्चितीपाशी थांबले. त्यांच्या या थांबण्याकडे मी आदराने पाहतो. मनुष्याला जे उत्तर लागत नाही तेही खरे असावे असे वाटणे, हीच ज्ञानाची निष्ठा. आणि जिथे या निष्ठेला आसरा मिळतो अशा जागा समाजात फार थोड्या असतात.

एवढे म्हटल्यावर व्यवसायाची बाजू मांडणे मला प्राप्तच आहे, आणि ती मी मनापासून मांडतो. त्याच छांदोग्यात सत्यकाम जाबालाची कथा आहे. हारिद्रुमत गौतमाने त्याचे उपनयन केले आणि विद्या शिकविण्याऐवजी ४०० कृश, दुबळ्या गाई त्याच्या हवाली केल्या. त्या १,००० झाल्याशिवाय परतणार नाही, असे म्हणून सत्यकाम रानात निघून गेला. वर्षानुवर्षे त्याने गाई राखल्या, आणि त्या १,००० भरल्या तेव्हा परतीच्या वाटेवर त्याला ब्रह्माचा एकेक पाद कळत गेला, तो वृषभाकडून, अग्नीकडून, हंसाकडून आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याकडून. काम हाच त्याचा अभ्यासक्रम होता. पहिल्या नोकरीत तरुणांच्या हवाली जे येते ते बहुधा अशाच कृश गाईंसारखे असते, हे मी माझ्या अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले आहे: कोणी तरी दहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, लिहिणारा निघून गेलेला, हात लावावा तिथे ढासळणारा कोड. तो राखणे, समजून घेणे, हळूहळू धष्टपुष्ट करणे, आणि आपल्या एका चुकीने कोण्या दूरच्या गावच्या खातेदाराचे निवृत्तिवेतन अडकू शकते ही जाणीव अंगी मुरविणे, ही विद्या कोणत्याही वर्गात शिकविता येत नाही. ज्या मुलाला हातात काम आल्यावाचून विचारच सुचत नाही, त्याने उगाच पुस्तकांपाशी थांबून स्वतःला दोष देत बसू नये. मात्र त्या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. सत्यकाम परतला तेव्हा त्याचे मुख ब्रह्मवेत्त्यासारखे तेजस्वी दिसत होते, आणि गुरूने विचारले की, तुला कोणी शिकविले? मनुष्येतरांनी, असे सांगून तो म्हणाला की, तरीही आपणच मला सांगावे, कारण आचार्यांकडून मिळालेली विद्याच सर्वोत्तम ठरते असे मी ऐकले आहे. इतके कळल्यावरही त्याने विचारले.

रानातून पुन्हा गुरुगृही येण्याची ही वाट आधुनिक काळातही चाललेली दिसते. एडगर कॉड हे इंग्रज गणिती १९४९ मध्ये आय.बी.एम. कंपनीत लागले, कित्येक वर्षे तिथे व अन्यत्र यंत्रांवर काम केले, आणि मग मध्यम वयात मिशिगन विद्यापीठात जाऊन १९६५ मध्ये पीएच.डी. झाले. त्यांच्या प्रबंधाचा विषय स्वतःची प्रतिकृती निर्माण करू शकणाऱ्या यंत्ररचनांचा होता. कंपनीच्या दैनंदिन उलाढालीशी त्याचा संबंध जोडणे कठीण. त्यानंतर ते कंपनीतच परतले आणि १९७० मध्ये त्यांनी माहितीचे साठे तक्त्यांच्या व त्यांतील संबंधांच्या रूपाने मांडण्याचा जो सिद्धांत प्रसिद्ध केला, त्यावर आज जगभरातील बँकांची खाती आणि सरकारी दप्तरे उभी आहेत. तेव्हा पदवीनंतरच्या उन्हाळ्यात जो निर्णय होतो तो जन्माचा निर्णय, अशी जी भीती आपण मुलांच्या मनात घालतो ती निराधार आहे. ‘गेट’चे गुणसुद्धा निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात.

आता ऋणाचा विचार. परंपरेने मनुष्य जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी मानला आहे. या तिन्हींपैकी ऋषिऋण फेडण्याचा मार्ग स्वाध्यायाचा. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने या ऋणाचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडून पाहावा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक कार्यान्वित झाला तेव्हा या देशात त्या विद्येला बाजारच नव्हता. ज्यांनी तो घडविला त्यांनी भावी पिढ्यांच्या उपजीविकेचे बी पेरले, आणि त्यांना स्वतःला त्या पिकाची कल्पनाही असण्याचे कारण नव्हते. आज आमची मुले जी साधने फुकट उतरवून घेतात व वापरतात त्यांतील कितीतरी कोणी अपरिचिताने मोबदल्याविना लिहून जगाला दिलेली असतात. हे ऋण फेडण्यास विद्यापीठातच राहिले पाहिजे असे नाही. कंपनीत राहूनही ज्ञान उघडे ठेवता येते, धाकट्यांना शिकविता येते. परंतु ऋण आहे याचे विस्मरण झाले म्हणजे विद्या केवळ भांडवल होऊन बसते.

पितृऋणाची गोष्ट अधिक अवघड, कारण तिथे ऋणको आणि धनको एकाच ओसरीवर जेवत असतात. ज्या घरात शैक्षणिक कर्जाला बापाची जमीन तारण आहे, धाकट्या भावंडाची फी तुंबली आहे, तिथे मुलाने आधी नोकरी धरावी असेच मी सांगेन, आणि ती धरताना त्याने आपण विद्येचा द्रोह करीत आहोत असे मनात आणू नये. इथे मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आठवते. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हावे लागले. बडोद्यात त्यांना जी वागणूक मिळाली ती सर्वश्रुत आहे. पुढे मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी वेतनातून पैसा साठविला, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, एका मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० मध्ये ते लंडनला परतले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. पोटासाठी, करारासाठी, कुटुंबासाठी त्यांनी अध्ययन खंडित केले, पण प्रश्न खंडित होऊ दिला नाही. शास्त्राने ज्यांना गुरुगृहाच्या उंबरठ्याबाहेर ठेवले होते त्यांच्यातील एका पुरुषाने इंद्राची ती परतीची वाट स्वतःच्या पायांनी चालून दाखविली, याहून मोठे भाष्य त्या उपनिषदावर झालेले मला ठाऊक नाही.

राहता राहिली भीती. अर्जुनाने युद्धभूमीवर भिक्षा मागून जगण्याची इच्छा प्रकट केली तेव्हा ती वैराग्यासारखी दिसत होती, आणि भगवंतांनी तिला वैराग्य मानले नाही. मुलाखतींना भिऊन जो अभ्यासाचा आश्रय घेतो, आणि आपली बुद्धी तोकडी पडेल या धास्तीने जो अभ्यास सोडून नोकरीत दडतो, त्या दोघांचीही गत त्या क्षणीच्या अर्जुनासारखीच आहे.

हे सारे मी भाचीला त्या दिवशी सांगितले नाही. इंद्राची गोष्ट तेवढी सांगितली आणि विचारले, “तुला कोणतं उत्तर पुरत नाही?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मामा, असं मला कोणी विचारलंच नव्हतं.” चार वर्षांत आठ सत्रे, चाळीसहून अधिक विषय, आणि हा एक प्रश्न कोणी विचारला नव्हता, यात दोष कोणा एकाचा नाही, पण आम्हां शिक्षकांचा वाटा त्यात मोठा आहे असे मी समजतो. आठ दिवसांनी ती आली. मराठी मजकुरातील शब्द यंत्राकडून फोडून घेण्याचा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ यासारखा शब्द, ज्यात एका नामावर सामान्यरूपाचा, शब्दयोगी अव्ययाचा, प्रत्ययांचा थरावर थर चढतो, तो यंत्र बहुतेक वेळा बरोबर फोडी. परीक्षकांना ते पुरले आणि गुणही चांगले मिळाले. “पण कधी कधी ते चुकतं,” ती म्हणाली, “आणि का चुकतं ते मला सांगता येत नाही. आपल्याला लहानपणी कोणी न शिकवता येतं ते त्याला इतकी उदाहरणं दाखवूनही का येत नाही, हे मला कळायला हवंय.” पाणिनीने सुमारे ४,००० सूत्रांत एक भाषा बांधली त्या देशातील मुलीला हा प्रश्न पडावा याचा मला विलक्षण आनंद झाला. तिच्या घरावर कर्ज नव्हते, वडील अजून नोकरीत होते. तू शिकावयास जा, असे मी निःशंकपणे सांगितले, आणि तिने नेमणूकपत्र आभारपूर्वक परत केले.

ज्यांच्या घरी यंदा असे दोन कागद आले असतील त्या आईबापांना माझी विनंती आहे की, त्यांनी वेतन आणि पदवी यांचा हिशेब मांडण्यापूर्वी मुलाला त्याचा प्रश्न विचारावा. आणि उत्तर येण्यास आठ दिवस लागले तर ते लागू द्यावेत.